पोटाचं चित्र, मनाचं चित्र

बारावीचे निकाल लागले, की चित्रं काढणाऱ्या मुलामुलींच्या घरात एक वाद हटकून रंगतो. 'जे. जे.'ला किंवा पुण्याच्या 'अभिनव'ला जायचं, इथपर्यंत एकवेळ एकमत होतं. पुढे काय? फाइन आर्ट की अप्लाइड? वडिलांचं मत ठरलेलं असतं. अप्लाइड घे, जाहिरात कंपनीत नोकरी तरी लागेल. तुझी ती चित्रं काय, रविवारी काढत बस. मुलगी गप्प बसते. बाबांचं म्हणणं तिला पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. वर्षात रविवार असतात बावन्न. त्यातले लग्नकार्याचे, पाहुण्यांचे आणि दुखण्याखुपण्याचे वजा करा, म्हणजे किती हाती उरतात ते बघा!

वाद अर्थातच जुना आहे. धुरंधरांनी 'जे. जे.'मधली नोकरी सांभाळून पोस्टकार्डांपासून पुस्तकांतल्या चित्रांपर्यंत बाहेरची कामं केली. हुसेन मुंबईत आले ते सिनेमाचे फलक रंगवत, पुढे फर्निचरच्या दुकानासाठी खेळणी तयार करत. 1947 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं, ते या सगळ्या मजुरीनंतर.

तरीही 'खरा कलावंत पोटासाठी काम करत नाही' ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मग गायतोंड्यांचं नाव निघतं. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला एकटे राहत, वर्षाला मोजकीच चित्रं काढत आणि दुसरं काही करत नसत. 2013 साली त्यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लाखांना गेलं. ते स्वतः 2001 मध्येच वारले होते. त्यांच्यामागे संसार नव्हता, शाळेची फी नव्हती. हे उदाहरण मुलांना देताना एवढा भाग मात्र गाळला जातो.

त्यापेक्षा मला ठाण्याचे सुधीर पटवर्धन जवळचे वाटतात. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेला हा माणूस 1975 पासून 2005 पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होता. 'इराणी रेस्टॉरंट'सारखी चित्रं त्या काळातलीच. दिवसा एक्स-रेच्या फिल्म पाहायच्या आणि मग कॅनव्हाससमोर उभं राहायचं. यात गंमत अशी, की पोटाचं काम चित्रकलेपासून इतकं लांबचं होतं, की त्याचा रंग चित्राला लागण्याची भीती नव्हती. चित्र विकलं गेलं नाही, तर चूल पेटायची थांबणार नव्हती.

प्रभाकर बरव्यांची वाट वेगळी. त्यांनी सुमारे वीस वर्षं सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागावरच्या कापडासाठी नक्षी तयार करायची, हे तिथलं काम. आंबादास, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकारही हातमागाच्या या कामात होते. बरवे नोकरीनिमित्त साठच्या दशकात बनारसला गेले आणि तिथल्या तंत्रप्रतिमांनी त्यांच्या चित्रांना नवं वळण लागलं. म्हणजे पगाराने नुसता वेळ खाल्ला नाही, बदल्यात काहीतरी दिलंही. 1990 साली त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक आलं. आपल्या घरात कुणी चित्र काढत असेल, तर ते जरूर आणून ठेवावं.

आणि दलाल? दीनानाथ दलालांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केला. मुखपृष्ठं, कथाचित्रं, दिवाळीच्या आधीची ती जागरणं. 1971 साली, साठी गाठण्याआधीच ते गेले. त्यांच्यातला चित्रकार मागणीच्या कामात खर्ची पडला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते तितकंसं पटत नाही. ज्या घरांत प्रदर्शनाची पायरी कुणी कधी चढलं नव्हतं, त्या घरांत रंग आणि रेषा पोचली ती त्यांच्या मुखपृष्ठांमुळे. मागणीचं काम करताना हात हलका पडू द्यायचा नाही, हेही एक उत्तर आहे. फक्त ते फार दमवणारं आहे.

कारण तास किती गेले, यापेक्षा ते कसे गेले हे महत्त्वाचं. गिऱ्हाईक म्हणतं, जरा पिवळा वाढवा. दुसऱ्या दिवशी म्हणतं, आधीचाच बरा होता. तिसऱ्या दुरुस्तीनंतर माणसाला रंगाच्या डबीचाही कंटाळा येतो. म्हणून जाणते लोक निम्मे पैसे आधी घेतात आणि दुरुस्त्या किती, हे सुरुवातीलाच बोलून ठेवतात. शिवाय गिऱ्हाइकाचा फोन येतो. स्वतःच्या चित्राचा फोन कधीच येत नाही, म्हणून ते नेहमी मागे पडतं. ज्यांना हे जमलंय त्यांच्यापैकी बरेच जण सकाळचे दोन तास आधी स्वतःचे करतात आणि मग पोटाच्या कामाला बसतात. रात्री उरलेल्या वेळात करू म्हणणाऱ्यांच्या हाती बहुधा झोपच उरते.

घरच्यांचाही यात वाटा असतो. कोऱ्या कागदाकडे टक लावून बसलेला माणूस आपल्याला रिकामा दिसतो. मग त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं जातं! बाईची तर आणखी पंचाईत. नोकरी झाली, स्वयंपाक झाला, मुलांचा अभ्यास झाला, की तिचं चित्र. तेही सगळे झोपल्यावर, जेवणाचं टेबल पुसून.

आता वडिलांच्या बाजूलाही एक खिंडार पडलं आहे. चार शब्द टाइप केले, की संगणक चित्र काढून देतो. आमंत्रणपत्रिका, स्वस्तातली मुखपृष्ठं, पाठ्यपुस्तकातली छोटी चित्रं, ज्यांच्यावर नव्या चित्रकाराचं खोलीभाडं निघायचं, ती कामं यंत्राकडे जाऊ लागली आहेत. अप्लाइड म्हणजे नोकरीची हमी, हे आता छातीठोकपणे सांगता येत नाही. उलट, ज्याची रेषा चटकन ओळखू येते, त्याला बोलावणं येण्याची शक्यता जास्त. आणि अशी रेषा बऱ्याचदा स्वतःच्या चित्रांतच घडते.

अरुण कोलटकर हे नाव या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करतं. 'जे. जे.'त शिकलेला हा कवी जाहिरातक्षेत्रातला नावाजलेला कलादिग्दर्शक होता. त्या व्यवसायातला 'कॅग' पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. 1976 साली इंग्रजी 'जेजुरी' पुस्तकरूपात आली, 1977 साली मराठी कविता आल्या. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं नवं पुस्तक नाही. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये गुरुवारी दुपारी मित्रांसोबत बसलेल्या या माणसाचं लिहिणं आता आटलं, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात लिहिणं चालूच होतं. 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण', 'सर्पसत्र' आणि 'काळा घोडा पोएम्स' ही पुस्तकं शेवटच्या दोनेक वर्षांत एकापाठोपाठ एक बाहेर आली. 25 सप्टेंबर 2004 रोजी कोलटकर गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी मिळाली ती पुढच्या वर्षी.