स्त्रियांचे स्नायुबळ : संप्रेरके आणि प्रजननाचा पूर्वेतिहास

वय वाढले की स्त्रीची ताकद घटते, ही सर्वसाधारण समजूत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. दोन समवयस्क स्त्रियांपैकी एकीची पाळी पस्तिशीत व दुसरीची पन्नाशीत थांबली असेल, तर दोघींचे स्नायुबळ सारखेच राहील असे गृहीत धरता येत नाही.

संप्रेरकांचे कार्य

इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होते. त्याचे कार्य गर्भाशयापुरते मर्यादित नाही. स्नायूंच्या पेशींतही त्याचे ग्राहक असतात. झिजलेल्या स्नायुतंतूंची दुरुस्ती करणाऱ्या पेशी टिकवण्यात त्याचा वाटा असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन झपाट्याने घटते आणि त्याच सुमारास स्नायुबळाची घटही वेग घेते. पाश्चात्त्य स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ५१ आहे. भारतीय स्त्रियांत ते ४६-४७ च्या आसपास आहे. म्हणजेच येथील स्त्रीला हा काळ लवकर गाठतो.

स्नायुबळ मोजण्याची सोपी पद्धत म्हणजे डायनॅमोमीटरने मुठीची पकड मोजणे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार स्त्रीची पकड १८ किलोपेक्षा कमी असल्यास स्नायुबळ अपुरे समजले जाते.

बाळंतपणे आणि शस्त्रक्रिया

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, हे निश्चित आहे. मात्र अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या एकूण अशक्तपणाचे कारण केवळ बाळंतपणात शोधणे योग्य नव्हे. अपुरा आहार, रक्तक्षय आणि विश्रांतीचा अभाव ही कारणेही त्यात मिसळलेली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सोबत दोन्ही अंडाशये काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते. ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांची शासकीय समितीने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे पडणारा खाडा व त्यापोटी कापला जाणारा दंड हे त्यामागील एक कारण असल्याचे तेव्हा पुढे आले. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवणाऱ्या स्त्रीचे पोट तिच्या ताकदीवरच अवलंबून असते. खाडा वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या ताकदीलाच लवकर ओहोटी लावू शकते, ही यातील शोकांतिका होय.

उपाय

केवळ स्नायुबळासाठी संप्रेरक उपचार घ्यावेत, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ते घ्यावेत की नाही हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. याउलट भाराच्या व्यायामाचा लाभ उतारवयातही होतो. बॉस्टन येथे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नव्वदीच्या स्त्रीपुरुषांचे पायांचे बळ आठ आठवड्यांत दुपटीहून अधिक वाढले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचवते. डाळी, दूध, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार त्यास पूरक ठरतो.

महाविद्यालयांच्या आरोग्य पाहणीत वय व वजन यांबरोबरच तीन गोष्टींची नोंद व्हावी : पाळी केव्हा थांबली, आपोआप की शस्त्रक्रियेने, आणि अंडाशये राखली की काढली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकींना ठाऊक नसते. ते डिस्चार्ज कार्डावर शोधावे लागते. विद्यार्थिनींना आपल्या आईचे ते कार्ड वाचावयास शिकवणे, हेही आरोग्यशिक्षणच होय.