दुरून मिळणारा मानसोपचार कोणास लाभतो?

अल्लीपूरच्या शिवारात एकच वाण काळ्या जमिनीत तरारून येते आणि बरड जमिनीत खुरटते. म्हणून शेतकरी वाणाला दोष देत बसत नाही. कोणत्या जमिनीत काय पेरावे, याचा तो आधी विचार करतो. मनाच्या उपचाराबाबत हाच प्रश्न आज आपणांपुढे आला आहे.

नैराश्य आणि चिंता यांवर आता मोबाइलच्या पडद्यावरून उपचार मिळू लागले आहेत. त्यांतील पुष्कळ उपचार धड्यांच्या स्वरूपाचे असतात. मनात येणारे विचार टिपावे, ते तपासून पाहावे, सुटलेली कामे थोडीथोडी पुन्हा हाती घ्यावी, असा त्यांचा क्रम असतो. ज्याला नागपूरच्या खेपा परवडत नाहीत, किंवा दवाखान्याच्या दारात कोणी पाहील याची भीती वाटते, त्याला ही सोय मोलाची आहे. परंतु ती सर्वांना सारखी लाभत नाही. मग ती कोणास लाभेल हे आधी सांगता येईल काय?

काही अंशी येते. नैराश्यावरील अशा उपचारांच्या ३९ प्रयोगांतील ९,७५१ व्यक्तींची माहिती एकत्र करून केलेली छाननी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, नैराश्य सौम्य असेल तर एकट्याने धडे करणाऱ्यास आणि मार्गदर्शक लाभलेल्यास जवळजवळ सारखाच गुण येतो. ते अधिक असेल तर मात्र विचारपूस करणारा माणूस पाठीशी असणे हिताचे ठरते. ही तीव्रता नऊ प्रश्नांच्या एका सूचीने मोजतात. मागील दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह इत्यादींविषयी विचारून ० ते २७ गुण देतात.

दुसरी रीत उपचार सुरू झाल्यानंतरची आहे. उगवण पाहून शेतकरी नांग्या भरतो, तशीच ती. स्टॉकहोम येथे निद्रानाशावरील अशा उपचारात चौथ्या आठवड्याच्या सुमारास कोणास गुण येणार नाही याचा अंदाज बांधला आणि त्यांतील काहींना अधिक साहाय्य दिले. त्यांचे अपयश कमी झाले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

तथापि अंदाज हा समूहावरून बांधलेला असतो. एखाद्या व्यक्तीबाबत तो चुकू शकतो. शिवाय जिच्याजवळ स्वतःचा मोबाइलच नाही, अशा गृहिणीची नोंद या आकड्यांत येणार कोठून? आणि आपल्याकडील पहिली अडचण उपचारापर्यंत पोचण्याचीच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या उपक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्ते तयार केले, तेव्हा दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. हा अहवाल २०१७ सालचा आहे. तेथे पडदा नव्हता, माणूस होता.

तात्पर्य, हे भाकीत कोणास दार बंद करण्यासाठी नसावे. कोणाच्या सोबतीला माणूस आधी धाडावा हे ठरविण्यासाठी असावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणालाही विनामूल्य लावता येतो. आणि जो जीव देण्याची भाषा बोलतो, त्याच्याबाबत कोणतेही गणित मांडत बसू नये. त्याला एकटे सोडू नये. आपण स्वतः त्याला दवाखान्यात न्यावे.