'कोबाल्ट ब्लू': एका घरातली दोन ब्रेकअप

आज सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' या छोट्याशा कादंबरीबद्दल बोलू. मौज प्रकाशनाने ती २००६ साली काढली. स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.

गोष्ट पुण्यातली. जोशींच्या घरी एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून येतो. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो. तनयची बहीण अनुजासुद्धा. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. तो तिलाही सोडून गेलेला असतो.

पहिला भाग तनयचा. तो निघून गेलेल्या त्या मुलाशी थेट 'तू' म्हणून बोलतो. दुसरा भाग अनुजाची डायरी. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर घटना एक, लॉग दोन. कोणत्या वेळी कोण काय लपवत होतं, ते आपणच जुळवत बसायचं. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं, त्याला पुस्तकात नावच नाही.

आता खरा मुद्दा. अनुजा परत येते तेव्हा अख्खं घर हादरतं. तिला त्रास होतोच, पण तिचं काहीतरी मोडलंय हे सगळ्यांना दिसतं. तनयचंही तेच माणूस गेलेलं असतं. पण त्यांचं नातं घरात कुणाला माहीतच नाही, मग विचारपूस कोण करणार?

२००६ मध्ये कलम ३७७ लागू होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान लोकांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. लग्नाला मात्र २०२३ मध्येही मान्यता दिली नाही. कोर्टाने गुन्हा पुसला, पण घरातलं अवघडलेपण कोर्टाच्या हातात नाही.

आपल्याकडची किती पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहतात बघा. एका खोलीत चार कॉट. एखाद्याचं पोरीशी फाटलं की चहा येतो, सल्ले येतात, रात्रभर गप्पा चालतात. ज्याचं पोराशी फाटलं, तो 'डोकं दुखतंय' म्हणून चादर ओढून घेतो.

अशा वेळी मित्राने काय करायचं? फार नाही. 'कोण होती रे ती?' असं न विचारता 'कोण होतं?' एवढंच विचारायचं. मराठीत ही सोय आहे. त्या एका शब्दात पोरगी बसते, पोरगाही बसतो. उत्तर आलं तर ऐकायचं, नाही आलं तर चहा सांगायचा. आणि कळलेलं ग्रुपवर टाकायचं नाही.

जेरी पिंटो यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केलाय. २०२२ मध्ये कुंडलकरांनीच केलेला सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. पण मराठी वाचता येतंय ना? मग आधी पुस्तकच वाचा. भेटू पुढच्या भागात!