बाराव्या लेण्यातला धागा

वेरूळचं बारावं लेणं, म्हणजे तीन मजली तीन ताल. तिथल्या मातीच्या गिलाव्यात वनस्पतीचे बारीक धागे होते. त्यात नवल काहीच नव्हतं. माती घट्ट धरून राहावी म्हणून जुने कारागीर तिच्यात तूस, गवत मिसळायचे, हे अजिंठ्यात आधीच दिसलेलं होतं. कोडं निराळंच होतं. हा गिलावा किड्यांच्या तावडीतून सुटला कसा?

अजिंठ्यात तो सुटला नव्हता. चित्रांखालचं तूस-गवत हे किड्यांचं आयतं अन्न. ते पोखरलं गेलं आणि वरचे रंगही गळून पडले. वेरूळचा डोंगरही बेसाल्टचाच, आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांसारखा. पावसाळी ओल तिथेही मुरते. तरी तिथे किडीचा माग नव्हता.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी हे कोडं हाती घेतलं. एकाला गिलावा कळत होता, दुसऱ्याला झाड. ही जोडी जमली नसती, तर ते धागे नुसता काडीकचरा म्हणूनच राहिले असते, असं मला वाटतं. धागे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेले, अवरक्त किरणांनी त्यांची रासायनिक ओळख तपासली गेली. मग जालना परिसरातून आणि दिल्लीच्या वेशीवरून आणलेली ताजी झाडं शेजारी ठेवून ताडून पाहिलं. जुळलं! ती भांग होती. मार्च 2016 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हा शोध छापून आला.

भांगेचा धागा चिवट असतो. हवेतली ओल तो शोषतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो, त्यामुळे गिलाव्यात दमटपणा साचत नाही. शिवाय किडे तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. हजार वर्षांहून जुन्या त्या कारागिरांना यातलं नेमकं काय ठाऊक होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांचं काम मात्र भिंतीवर आहे.

विसाव्या शतकात भिंतीपुढे दुसराच प्रश्न उभा राहिला. भिंत भक्कमही हवी आणि उष्णता अडवणारीही हवी. 1960 च्या दशकात कॅनडाच्या वर्नर ग्रेगोरी यांनी फोमचे पोकळ ठोकळे रचून त्यांत काँक्रीट ओतायची युक्ती काढली. काँक्रीट भार पेलतं, आणि साच्याचा फोम काढून न टाकता तसाच ठेवला की तो ऊन-थंडी अडवतो. उपाय उत्तम आहे, पण फोम खनिज तेलापासून बनतो. पुढे 1980 च्या दशकात फ्रान्समध्ये भांगेच्या काडीचा भुसा चुन्यात कालवून भिंती उभ्या राहू लागल्या. या भिंती भार पेलत नाहीत, त्यासाठी लाकडी सांगाडा लागतो. पण काडीतल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्या उष्णता रोखतात आणि वाफ आरपार जाऊ देतात. वेरूळचा गिलावा म्हणजे अशी जाड भिंत नव्हे, तो खडकावरचा पातळ थर होता. ओल हाताळायची रीत मात्र तीच.

आपल्याकडे अडतं ते कायद्यापाशी. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात धाग्यासाठी भांगेची लागवड करायला मुभा आहे, पण सरकारी परवानगीनेच. उत्तराखंडाने 2018 मध्ये ती वाट उघडली आणि पुढे पौडी गढवालमधल्या यमकेश्वर भागात भांग-चुन्याचं घरही उभं राहिलं. पुरावा आपल्या वेरूळमध्ये सापडला, तेव्हा अशी एक भिंत नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हातही बांधून, आतबाहेर तापमापक लावून पाहायला हवी.