शेवळांपासून सरंग्यापर्यंत : पालघरच्या जैवविविधतेबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात गेलात, तर दोन टोपल्या शेजारी शेजारी दिसतील. एकीत शेवळं ही रानभाजी आणि काकडं ही मूठभर हिरवी, आंबट फळं. जव्हार-विक्रमगडकडून पहिल्या एसटीने आलेल्या बाईने ती पळसाच्या पानांवर मांडलेली असतात. दुसरीत सुके बोंबील. होड्या किनाऱ्याला ओढून झाल्यामुळे नवापूर-आलेवाडीकडची मांगेलीण (मांगेला मच्छीमार समाजातली बाई) ओल्या मासळीऐवजी सुकी घेऊन बसलेली असते. शेवळं नुसतीच शिजवली तर घसा खाजतो. काकडांच्या आंबटपणाने ती खाज मरते, हे विकणारी बाई न विचारता सांगते, आणि काकडं घेतल्याशिवाय शेवळं नेऊ देत नाही.

जिल्ह्याचा डोंगर आणि जिल्ह्याचा समुद्र असे हातभर अंतरावर बसलेले असतात. जैवविविधतेचं नियोजन हा जड शब्दप्रयोग ऐकला की आपल्याला मंत्रालय आणि जाडजूड अहवाल आठवतात. खरं तर तो या दोन टोपल्यांचा हिशेब आहे. हा हिशेब चुकतो तो आपल्या डोक्यात घर करून बसलेल्या काही गैरसमजांमुळे. त्यांतले सहा इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : जैवविविधता म्हणजे वाघ आणि अभयारण्य. ती ताडोब्याला, पालघरला काय आहे?

वस्तुस्थिती : पालघर जिल्हा सह्याद्रीच्या उतारावर सुरू होतो आणि अरबी समुद्रात संपतो. पश्चिम घाट हा जगातल्या मोजक्या अतिसंपन्न जैवविविधता प्रदेशांपैकी एक मानला जातो. जिल्ह्यात तुंगारेश्वरचं सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, तानसा अभयारण्याचा काही भाग आहे, बिबट्या आहे. वारली पाड्यांवर वाघबारशीला आजही वाघोबाची पूजा होते.

पण अभयारण्याची सीमा संपली म्हणून जैवविविधता संपत नाही. वरोर-वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला पाणी उतरलं की खडकांच्या खळग्यांत लहान लहान डबकी उरतात. त्यांत कालवं, खेकडे, शंख, समुद्रफुलं आणि माशांची नखाएवढी पिल्लं सापडतात. खाडीच्या चिखलात निवटी मासे उड्या मारतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी त्याच चिखलात चोच खुपसून पोट भरतात. यातलं काहीच अभयारण्याच्या नकाशावर नाही. म्हणूनच ते आधी आपल्या नजरेत यायला हवं.

गैरसमज २ : तिवरं म्हणजे डासांचं घर आणि पडीक चिखल. तोडली तर तेवढीच दुसरीकडे लावता येतात.

वस्तुस्थिती : डास होतात ते साचलेल्या पाण्यात. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा खेळतं आणि मासे अळ्या खातात, तिथे डासांना थारा कमी. बांध घालून किंवा राडारोडा टाकून भरतीची वाट अडवली की मगच पाणी कुजतं. तेव्हा दोष तिवराला देण्याआधी भराव कोणी टाकला ते पाहावं.

तिवराखाली एकदा उकिडवं बसून पाहा. चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण नको असलेलं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. याच मुळांच्या जाळीत कोळंबी, बोय आणि चिंबोरीची पिल्लं मोठ्या माशांपासून लपून वाढतात. लाटेचा जोर इथेच मोडतो आणि किनाऱ्याची माती जागेवर राहते.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन, म्हणजे तिवरांचं वन, ३२४ चौरस किलोमीटर नोंदलं आहे. या वनांच्या रक्षणासाठी राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने कांदळवनांची तोड रोखली आणि २०१८ च्या अंतिम निकालात ही तोड जगण्याच्या मूलभूत हक्काचं उल्लंघन ठरवली. सार्वजनिक प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार तिवरं तोडण्याची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाकडून घ्यावी लागली.

बदल्यात रोपं लावली जातात, आणि ती लावलीच पाहिजेत. पण रोप म्हणजे वन नव्हे. भरतीची उंची, गोड्या पाण्याची आवक, चिखलाचा पोत जुळला तरच ते तगतं. मोकळा चिखल दिसला म्हणून तिथे रोपं खोचणं हीसुद्धा चूकच, कारण तो चिखल म्हणजे पाणपक्ष्यांचं ताट.

गैरसमज ३ : समुद्र अथांग आहे, मासळी संपायची नाही. पावसाळी बंदी ही सरकारची सक्ती.

वस्तुस्थिती : सातपाटीचा सरंगा, म्हणजे पापलेट, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. हा मान मिळवण्यात इथल्या मच्छीमारांचा पुढाकार होता, आणि त्यामागे अभिमानाइतकीच काळजी होती. बारीक आसाच्या जाळ्यात अंडी न घातलेली पिल्लं सापडली, तर पुढच्या मोसमाचं बियाणंच आपण विकून खातो.

जून-जुलैतली यांत्रिक मासेमारीची बंदी कायद्याने आली ती १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर. त्याच्या कितीतरी आधीपासून होड्या पावसाळ्यात ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच समुद्रात उतरत. कारण खवळलेला समुद्र जसं होतं, तसं मासळीचं अंडी घालणंही होतं. बंदीचा काळ वाढवा, अशी मागणी इथल्याच मच्छीमार सहकारी संस्थांनी वारंवार केली आहे. ही सक्ती असती तर त्यांनी ती वाढवून कशाला मागितली असती?

समुद्राला उसंत मिळाली तर तो काय देतो, हे मुरबे गावाने पाहिलं आहे. बंदी उठल्यावर, ऑगस्ट २०२१ मध्ये, तिथल्या एका होडीला १५७ घोळ मासे मिळाले. त्यांच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, परदेशात मोठी मागणी असल्याने लिलावात सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले.

गैरसमज ४ : कारखान्याचं पाणी एवढ्या मोठ्या समुद्रात विरून जातं.

वस्तुस्थिती : सगळं सांडपाणी खोल समुद्रात जाऊन पडत नाही. बरंचसं पडतं नाल्यात, खाडीत, किनाऱ्यालगत, म्हणजे नेमकं तिथे जिथे पिल्लं वाढतात. भरती तेच पाणी पुन्हा आत आणते. चिखलात बसलेले जड धातू कालवं आणि शिंपल्यांच्या अंगात साठत जातात आणि तिथून आपल्या ताटात येतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात बोईसरजवळचं तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होतं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर व सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरण भरपाई बसवणारा निकाल दिला. ही दाद एखाद्या बड्या शहरी संस्थेने मागितलेली नाही. ज्यांच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली, त्यांनीच ती मागितली. बोईसरच्या हजारो घरांची चूल कारखान्यांवर पेटते, हे खरंच आहे. पण कारखाना हवा याचा अर्थ प्रक्रिया न केलेलं पाणी हवं, असा होत नाही.

गैरसमज ५ : पर्यावरणाचे नियम आले की विकास थांबतो. डहाणू पाहा.

वस्तुस्थिती : डहाणूच पाहू. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. उद्योगांचं लाल, नारिंगी, हिरवं वर्गीकरण झालं आणि उद्योगांसाठीच्या एकूण जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते.

तालुक्यातलं ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र या प्राधिकरणाने बंद पाडलं नाही. १९९९ मध्ये त्याने धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं आणि पाठपुरावा सोडला नाही. २००७ मध्ये ती सुरू झाली. मुंबईच्या उपनगरांना वीज मिळत राहिली आणि घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं.

वाढवण बंदराला याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता, ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याची ही योजना आहे. इतका मोठा बदल दारात असताना त्या समुद्रात, खडकांत आणि खाडीत आज काय आहे याची गाववार नोंद हवीच. ज्याची नोंद नाही, त्याचं नुकसान उद्या कोणत्या कागदावर दाखवणार?

गैरसमज ६ : नियोजन तज्ज्ञांनी करायचं. गावाचं त्यात काय काम?

वस्तुस्थिती : प्रशांत महासागरातल्या बेटांचं उदाहरण घ्या. पलाऊमध्ये मासळी कमी झाली की गावप्रमुख प्रवाळाचा काही भाग काही काळ बंद करतात. त्या रीतीला ‘बुल’ म्हणतात. हाच विचार पुढे नेत त्या देशाने १ जानेवारी २०२० पासून आपल्या सागरी हद्दीचा ८० टक्के भाग व्यापारी मासेमारीला बंद केला. हवाईत पूर्वी जमिनीची वाटणी डोंगरमाथ्यापासून किनाऱ्यावरच्या प्रवाळापर्यंत उभ्या पट्ट्यांत होई, कारण वरचं पाणी बिघडलं की खालची मासळी बिघडते, हे लोकांना ठाऊक होतं.

आपला पट्टा यापेक्षा वेगळा नाही. सूर्या वैतरणेला मिळते, वैतरणा दातिवऱ्याजवळ समुद्राला. धरणांत किती पाणी अडतं, डोंगरावर किती झाडोरा उरतो, यावर खाडीतलं गोडं-खारं प्रमाण ठरतं, आणि त्यावर कोळंबी. म्हणून वनविभागाचा आराखडा एकीकडे, मत्स्यविभागाचा दुसरीकडे, उद्योगांचा तिसरीकडे, असं नियोजन इथे अपुरंच पडणार.

गावाच्या हातात साधनं आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क आहेत. मात्र कार्यालयात बसून भरलेली नोंदवही कामाची नाही. शेवळं कोणत्या माळावर येतात आणि काकडांचं झाड आता कुठे उरलं, हे विक्रमगडची म्हातारी सांगेल. सरंग्याची पिल्लं कोणत्या महिन्यात कुठे दिसतात, हे सातपाटीचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगेल. त्यांच्या तोंडून ती भरली गेली पाहिजे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जा आणि आपल्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही पाहायला मागा. ती कोरी असेल, तर गावातल्या सर्वांत वयस्क बाईला आणि सर्वांत जुन्या तांडेलाला सोबत बसवून पहिलं पान तुम्ही लिहा.