बिलाच्या तळाशी छापलेली ओळ

गणपतीला चार दिवस राहिले होते. शेजारच्या काकी महाडच्या बाजारातून नवा मिक्सर घेऊन घाटाखालच्या आमच्या वरंध गावी आल्या. मुंबईहून मुलगा, सून, नातवंडं येणार, वाटणाला पाट्यावर किती वेळ बसायचं, म्हणून शेंगांचे पैसे साठवून घेतलेला. पहिलंच ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलं, बटण दुसऱ्या आकड्यावर नेलं आणि जळकट वास सुटला. मी बघायला गेलो तेव्हा भांडं काढलेलं होतं. खालचा काळा रबरी कपलर गरगर फिरत होता, पण भांडं बसवलं की पातं जागचं हलत नव्हतं. मोटरीच्या जाळीतून निळसर धूर येत होता.

दुसऱ्या दिवशी काकी सकाळच्या एसटीने मिक्सर घेऊन परत महाडला गेल्या आणि दुपारी मिक्सरसकट परत आल्या. दुकानदाराने त्यांना चहा पाजला, बिल हातात धरलं आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. 'एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.'

"छापलंय म्हंजे कायदाच असणार ना?" काकी मला म्हणाल्या.

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत या खोऱ्यात इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते नीट कागदावर उतरवून त्याचं उत्तर द्यायलाच हवं. बिरवाडीत पंखा घेतलेला माणूस हेच म्हणतो, पोलादपूरला मोबाइल घेतलेला कॉलेजातला पोरगा हेच म्हणतो. बिलबुक छापखान्यात छापून मिळतं. त्यावर कोणती ओळ घालायची ते दुकानदार ठरवतो. विधिमंडळ ठरवत नाही, संसद ठरवत नाही. ती ओळ म्हणजे दुकानदाराची इच्छा आहे आणि माल सदोष असेल तर त्या इच्छेला कायद्यात काहीही किंमत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २ च्या ४७ व्या उपकलमात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या, याची यादी दिली आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत द्यायला नकार देणं ही त्या यादीतली एक प्रथा आहे. मुदतही तिथेच लिहिली आहे. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या दिवसांत, आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे 'परत घेतला जाणार नाही' या ओळीवर बोट ठेवणारा दुकानदार स्वतःचा बचाव करत नसतो. कायद्याने जी गोष्ट अनुचित म्हटली आहे, तीच तो ग्राहकाला छापील कागदावर दाखवत असतो. केरळात एर्नाकुलमच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ साली बिलावरची अशीच ओळ बेकायदा ठरवली.

हा हक्क २०१९ साली आकाशातून पडलेला नाही. विकलेला माल वापरण्यायोग्य असला पाहिजे ही गृहीत अट माल विक्री कायद्यात १९३० पासून आहे. ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा आला तो १९८६ साली. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्याही बारा वर्षं आधी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ज्या महाराष्ट्रात ही चळवळ इतक्या आधी रुजली, तिथे घाटाखालच्या एका बाईला छापखान्यातली ओळ कायदा वाटावी, याचा मला खरोखर राग येतो. राग काकींचा नाही. त्यांना कोणी कधी सांगितलंच नाही.

पण थांबा. हा हक्क सदोष मालाचा आहे, हे विसरून चालणार नाही. घरी आल्यावर मिक्सरचा रंग आवडला नाही, शेजारणीला तोच शंभर रुपये स्वस्त मिळाला, साडी सुनेला पसंत पडली नाही, यासाठी दुकानदाराने माल परत घ्यावा असं कोणताही कायदा म्हणत नाही. मोठी दुकानं आणि ऑनलाइन कंपन्या सात दिवसांत, दहा दिवसांत परत घेतात, तो त्यांचा धंद्याचा नियम असतो. गावातला दुकानदार तसा नियम ठेवत नसेल तर तो गुन्हा करत नाही. आपल्या हातून पडून फुटलेली वस्तूही दोषात मोडत नाही. दोष म्हणजे मालाच्या दर्जात, प्रमाणात, शुद्धतेत किंवा मानकात असलेली उणीव. ते मानक कायद्याने घालून दिलेलं असो, करारात ठरलेलं असो वा दुकानदाराने स्वतःच तोंडाने सांगितलेलं असो. 'हा मिक्सर हळद पण दळतो' असं सांगून विकला आणि तो हळद दळत नसेल, तर तोही दोषच.

काकींच्या दुकानदाराने दुसरं जे सांगितलं ते अधिक फसवं आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. "आम्ही फक्त विकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या." वॉरंटी कंपनी देते, दुरुस्तीही तीच करते, हे बरोबर. छोटा दोष एका दुरुस्तीत कायमचा गेला, तर आयोग पैसेच परत द्या म्हणेल असंही नाही. पण पैसे घेतले कोणी? बिल कोणाच्या नावाचं? खरेदीचा व्यवहार ग्राहकाचा आणि दुकानदाराचा असतो. कंपनीची वॉरंटी हे त्यावरचं जादा वचन आहे. ते वचन आहे म्हणून दुकानदाराची सुटका होत नाही.

याला गोव्यातलं एक प्रकरण चांगलं उदाहरण आहे. एका ग्राहकाने २०११ साली नवी गाडी म्हणून पैसे भरले आणि डीलरने त्याला २००९ सालची, आधीच सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली गाडी दिली. प्रकरण जिल्हा ग्राहक मंचापासून सुरू झालं आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. या विक्रीतली गफलत गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला माहीत होती असा पुरावा नव्हता, म्हणून न्यायालयाने कंपनीवरची जबाबदारी काढली. विकणाऱ्या डीलरवरची तशीच राहिली. तेव्हा 'मी फक्त विकतो' हे उत्तर ऐकून एसटी पकडू नका. तक्रार करताना दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा.

इथे दुकानदाराचीही बाजू सांगायला हवी. बिरवाडीचा किंवा महाडचा छोटा दुकानदार मिक्सरमागे फार थोडा नफा कमावतो. वितरक त्याच्याकडून खराब माल परत घ्यायला टाळाटाळ करतो. २०२१ च्या जुलैतल्या पुरात महाडच्या बाजारपेठेतली दुकानंच्या दुकानं मालासकट गेली, आणि त्यातून ही माणसं परत उभी राहिली आहेत. पण वितरक त्याला देत नाही म्हणून ते नुकसान काकींनी सोसायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? दुकानदाराने खराब माल घ्यावा आणि तो वितरकाकडे, कंपनीकडे वसूल करावा. कंपनीशी भांडण्याचं बळ काकींपेक्षा त्याच्याकडे जास्त आहे.

बिल नसेल तर सगळं संपलं, असंही लोक मानतात. बिल मागून घ्या, हे शंभरदा सांगेन. पण नव्या कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. ज्याने बिल दिलं नाही, त्यालाच 'बिल दाखवा' म्हणायचा काय अधिकार? यूपीआयची पावती, बँकेच्या पासबुकातली नोंद, वॉरंटी कार्डावरचा दुकानाचा शिक्का, खोक्यावरचा अनुक्रमांक, हे सगळे पुरावे चालतात. खोका फेकून दिला म्हणून हक्क जात नाही. पण महिनाभर तरी तो माळ्यावर ठेवायला काय जातं?

'पैसे नाही, तेवढ्याच किमतीचं दुसरं काही घ्या' असं दुकानदार म्हणतो. तुम्हाला चालत असेल तर जरूर घ्या, पण कायद्यात शब्द पैसे परत देण्याचा आहे. सेलमधला माल म्हणून हक्क नाही, हेही चूक. दोष आधी सांगून, दाखवून स्वस्तात दिला असेल तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन मागवलेली वस्तू सदोष, नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली, तर विक्रेत्याला ती नाकारता येत नाही, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलं आहे. शेतकरी ग्राहक नसतो, हेही खोटं. सदोष बियाणं घेतलेला शेतकरी ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सांगितलं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीनही व्यापारी खरेदीत मोडत नाही.

शेवटी उरते ती भीती. 'कोण जाणार अलिबागला?' रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे, वरंधपासून शंभराहून जास्त किलोमीटर. मिक्सरसाठी इतका प्रवास कोण करेल, हा प्रश्न खरा आहे. पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. २०२० पासून ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती आहे. सुनावणीही व्हिडिओवर मागता येते. वकील लावायलाच हवा असं नाही. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. आणि आपल्याकडच्या चाकरमान्यांच्या घरांसाठी एक मोलाची गोष्ट २०१९ च्या कायद्याने केली. वस्तू दादरला घेतलेली असो की भोरमार्गे पुण्याहून आणलेली, ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. तीन महिन्यांत, आणि तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे लपवत नाही.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. मराठीत बोलता येतं. तिथे निकाल लागत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवली जाते. पण कित्येक कंपन्या तेवढ्यानेही हलतात.

काकींसाठी आम्ही एवढंही केलं नाही. वहीच्या कागदावर मी एक पत्र लिहिलं. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, मोटरीचा अनुक्रमांक, काय झालं, पैसे परत हवेत, पंधरा दिवसांत हवेत, नाहीतर जिल्हा आयोगात जाऊ. खाली कलमाचा उल्लेख. काकींनी सही केली, मी फोटो काढून ठेवला आणि पत्र स्पीड पोस्टाने गेलं.

गणपती पाट्यावरच्या वाटणावर झाले. आठव्या दिवशी दुकानातून फोन आला. काकी आता एकट्याच गेल्या, पूर्ण पैसे घेऊन आल्या आणि येताना त्याच बाजारात दुसऱ्या दुकानात थांबल्या. तिथे त्यांनी मिक्सर लावून दाखवायला सांगितलं, बिल मागितलं आणि त्याची खालची ओळ दुकानदाराकडून पेनाने खोडून घेतली. ते बिल त्यांनी मला दाखवलं. खोडलेल्या ओळीवर दुकानदाराची छोटी सही आहे.