डोंगर त्रिकोणी नसतो!

कामशेतहून नाणे मावळात शिरावे आणि वडिवळे धरणाच्या काठावर वही-पेन्सिल घेऊन बसावे. समोर चित्र तयारच असते: पाणी, भातखाचरे, मागे सह्याद्रीची रांग. तरीही बहुतेक मोठ्या माणसांचा हात कागदावर थबकतो. दोन-चार रेघा होतात, खोडरबर निघतो आणि ठरलेले वाक्य येते, ‘चित्रकला काही आपल्याला जमायची नाही.’

तोवर कागदावर काय उमटलेले असते? दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, नागमोडी नदी आणि कडेला नारळाचे झाड. शाळेत असताना जवळजवळ प्रत्येकाने काढलेले हे चित्र. मावळातले डोंगर मात्र तसे नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यातून तयार झालेल्या या काळ्या कातळाच्या डोंगरांना पायऱ्यांसारखे आडवे टप्पे दिसतात आणि अनेकांचे माथे सपाट असतात. डोळ्यांसमोर हा डोंगर असतो. हात मात्र तिसरीच्या वहीतला डोंगर काढतो.

म्हणजे दोष हाताचा नसतो. डेल कोहेन आणि सुझन बेनेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हाच प्रश्न तपासला. चित्र चुकण्याचे मुख्य कारण हाताची अकुशलता नसून वस्तू नीट न पाहणे हे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि पाहण्याची सवय कोणत्याही वयात लावता येते.

मग ‘जमणार नाही’ ही भावना येते कुठून? साधारण नऊ-दहाव्या वर्षी मुलांना चित्र ‘खऱ्यासारखे’ यावे असे वाटू लागते. नजर पुढे जाते, हात मागे राहतो आणि बरीच मुले चित्र काढणे सोडून देतात. पुढे चाळिशीत पेन्सिल हाती घेतली की सुरुवात तिथूनच होते, जिथे ती सुटली होती. चाळिशीची नजर दहा वर्षांच्या हाताची परीक्षा घेते आणि त्याला नापास करते.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सिद्धांत मांडला. त्यानुसार हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतः काही जमवल्याच्या अनुभवातून. इतरांच्या शाबासकीचा परिणाम त्यामानाने कमी. म्हणून सुरुवात छोट्या, जमण्याजोग्या कामाने करावी:

• एखादे रेखाचित्र उलटे ठेवून पाहून काढावे. वस्तू ओळखू येत नाही, त्यामुळे डोळा फक्त रेघा पाहतो.
• हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीने डोंगराची उंची व रुंदी मोजावी.
• डोंगराऐवजी त्याच्या वरच्या आकाशाचा आकार काढावा.
• पहिला महिनाभर खोडरबर घरीच ठेवावा. प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि तुलना स्वतःच्याच जुन्या पानाशी करावी.

चित्र चांगले आले नाही तरी वेळ वाया जात नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे हवी ती कलाकृती करू दिली. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी घटली. आधीचा कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. हा अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे कलेला औषध समजू नये. पण ताण हलका होण्यासाठी हात सराईत असावाच लागतो, असे त्यात दिसले नाही.

धरणाच्या काठावरचे पहिले चित्र वेडेवाकडे येईल, दुसरेही येईल. पण एखाद्या पानावर त्रिकोणाच्या जागी सपाट माथा आणि आडवे टप्पे उमटतात, तेव्हा हात नवे काही शिकलेला असो वा नसो, डोळे पाहायला लागलेले असतात.